सोमवार ते रविवार : व्यावसायिक गोल्फपटूचा एक आठवडा

नवी दिल्ली : रविवारी रात्री गोल्फ स्पर्धेचा निकाल येतो, तेव्हा त्यात विजेत्याचे नाव, चार फेऱ्यांचे आकडे आणि बक्षिसाची रक्कम असते. सव्वाशे ते दीडशे खेळाडूंनी सुरू झालेल्या त्या स्पर्धेतील निम्म्याहून अधिक जण दोन दिवस आधीच सामान बांधून निघून गेलेले असतात आणि त्यांची त्या आठवड्याची कमाई शून्य असते, याचा उल्लेख निकालात सहसा नसतो. क्रिकेटपटूला सामन्याचे मानधन मिळते, फुटबॉलपटूला क्लबकडून पगार मिळतो. व्यावसायिक गोल्फपटू मात्र विमानाचे तिकीट, हॉटेल, जेवणखाण आणि कॅडीचे पैसे स्वतः भरून स्पर्धेच्या गावी पोहोचतो. त्याला काही मिळणार की नाही, हे पहिल्या दोन दिवसांच्या खेळानंतर ठरते. सोमवारपासूनची त्याची सारी आखणी त्या एका निर्णयाभोवती फिरत असते.

ही आखणी समजून घेण्यासाठी भारतीय गोल्फच्या इतिहासातील एक आठवडा विशेष उपयोगी पडतो. तो आहे १६ ते २२ ऑगस्ट २०१० चा. त्या आठवड्यात अर्जुन अटवाल हे अमेरिकेतील पीजीए टूरवर स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय ठरले. सोमवारी सकाळी त्यांना त्या स्पर्धेत जागाही नव्हती.

सोमवारची परीक्षा

अटवाल यांचा जन्म आसनसोलचा आणि गोल्फमधील जडणघडण कोलकात्याची. २००३ मध्ये ते एशियन टूरच्या कमाईच्या क्रमवारीत अव्वल राहिले आणि त्याच वर्षअखेरीस पात्रता स्पर्धेतून पीजीए टूरचे ‘कार्ड’ मिळवणारे पहिले भारतीय झाले. कार्ड म्हणजे त्या टूरचे सदस्यत्व. ज्याच्याकडे ते असते, त्याला हंगामातील बहुतेक स्पर्धांत खेळण्याचा हक्क असतो. कमाईच्या किंवा गुणांच्या यादीत खेळाडू ठरावीक क्रमांकाखाली घसरला की कार्ड जाते. दुखापतीमुळे खेळ थांबला असेल तर काही मर्यादित स्पर्धांची मुभा मिळते, तीही मोजून. खांद्यांच्या दुखापतींनी बेजार झालेल्या अटवाल यांची ही मुभा जुलै २०१० मध्ये संपली. वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्यांच्या हाती कार्ड उरले नाही.

अशा खेळाडूसाठी एक अरुंद दार उघडे असते, ते म्हणजे सोमवारची पात्रता फेरी. स्पर्धेच्या गावाजवळील एखाद्या मैदानावर १८ होल खेळायचे आणि मोठ्या गर्दीतून मोजक्या जागांपैकी एक पटकवायची. पीजीए टूरवर अनेक वर्षे अशा जागा साधारणतः चार असत. येथे दुसरी संधी नसते. एक चेंडू पाण्यात गेला तर दुपारच्या विमानाची चौकशी सुरू करावी लागते. अटवाल यांनी नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे होणाऱ्या विंडहॅम चॅम्पियनशिपसाठी ही फेरी खेळली आणि जागा मिळवली. सोमवारी पात्र ठरून रविवारी विजेता होण्याचा प्रकार त्याआधी १९८६ मध्ये सदर्न ओपनमध्ये फ्रेड वॉड्सवर्थ यांनी घडवला होता. मधल्या २४ वर्षांत तो कोणालाही साधला नव्हता.

प्रतीक्षा यादीवरील खेळाडूचा आठवडा याहून विचित्र असतो. कोणी माघार घेतली तरच त्याला प्रवेश मिळतो. त्यामुळे गुरुवारी पहिली तुकडी निघाल्यानंतरही तो सरावाच्या मैदानावर बूट घालून थांबलेला दिसतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये पुण्याच्या उदयन माने यांना असाच प्रवेश मिळाला. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलो यांनी माघार घेतली आणि राखीव यादीतील माने अनिर्बन लाहिरी यांच्यासोबत भारताच्या चमूत दाखल झाले.

सामान, रस्ता आणि गाव

भारतातील व्यावसायिक स्पर्धांचे आयोजन २००६ मध्ये स्थापन झालेली प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, म्हणजे पीजीटीआय, करते. तिच्या अनेक स्पर्धा मंगळवार ते शुक्रवार अशा खेळवल्या जातात. त्यामुळे येथील गोल्फपटूचा ‘सोमवार’ बहुधा शनिवारीच उजाडतो. हंगामाचा नकाशाही लांबरुंद आहे. एका आठवड्यात चंदीगड किंवा पंचकुला, पुढे कधी कोलकाता, कधी बेंगळुरू, कधी अहमदाबाद, कधी पुणे. आसामातील दिगबोई हे तेलशुद्धीकरण कारखान्याचे गाव. तेथील स्पर्धेसाठी दिब्रुगडपर्यंत विमानाने जाऊन पुढे चहाच्या मळ्यांमधून मोटारीने जावे लागते. पुण्याहून निघालेल्या खेळाडूला एकदोनदा विमान बदलावे लागते आणि प्रत्येक बदलात त्याचा जीव पिशवीत अडकलेला असतो.

पिशवी म्हणजे गोल्फच्या काठ्यांची, खेळाडूंच्या भाषेत क्लबांची. नियमानुसार १४ पेक्षा अधिक क्लब बाळगता येत नाहीत. पण या चौदांपैकी प्रत्येकाचा दांडा, लांबी आणि कोन त्या खेळाडूच्या शरीराप्रमाणे जुळवून घेतलेला असतो. सामान हाताळताना दांडा मोडला किंवा कोन किंचित वाकला तर दुकानातून दुसरा आणून काम भागत नाही. अनेक खेळाडू ड्रायव्हरचे डोके काढून वेगळे, कपड्यांत गुंडाळून नेतात. पिशवी चुकून दुसऱ्या शहरात गेली तर सरावाचा एक दिवस गेला असे समजावे. चौदाचा आकडा मोजायला विसरण्याची किंमतही जबर आहे. २००१ च्या ब्रिटिश ओपनच्या अखेरच्या दिवशी वेल्सचे इयान वूस्नम यांच्या पिशवीत पंधरावा क्लब निघाला. दुसऱ्या टीवर हे लक्षात आले आणि आघाडीसाठी झुंजणाऱ्या वूस्नम यांना दोन फटक्यांचा दंड बसला. क्लब मोजणे कॅडीचे काम असले, तरी दंड खेळाडूच्याच नावावर लागतो.

युरोपात मुख्य तळ असलेल्या डीपी वर्ल्ड टूरवर खेळणाऱ्या भारतीयांचा प्रवास आणखी दमवणारा. १९९८ मध्ये जीव मिल्खा सिंग त्या टूरवर खेळणारे पहिले भारतीय झाले. आज त्या टूरच्या स्पर्धा आफ्रिका, पश्चिम आशिया, युरोप आणि पूर्व आशिया अशा पसरलेल्या आहेत. रविवारी जोहान्सबर्गला शेवटचा पट मारायचा आणि मंगळवारी दुसऱ्याच खंडात सराव सुरू करायचा, हे वेळापत्रक शरीराला मानवेपर्यंत हंगाम अर्धा झालेला असतो. म्हणूनच कोणत्या आठवड्यात खेळू नये याचा निर्णय अनुभवी खेळाडू कोणत्या आठवड्यात खेळावे याइतकाच विचारपूर्वक घेतात. नवख्याला ती चैन परवडत नाही. त्याला मिळेल ती स्पर्धा घ्यावी लागते.

मैदान वाचण्याचे दोन दिवस

स्पर्धा गुरुवारी सुरू होणार असेल तर मंगळवार आणि बुधवार सरावाचे. या सरावात फटके मारणे हा भाग तुलनेने गौण असतो. खेळाडू आणि कॅडी हातात मैदानाची मापवही घेऊन चालतात. कोणत्या झाडापासून ग्रीनपर्यंत किती यार्ड, वाळूच्या खड्ड्याची अलीकडची कड कोठे, चेंडू कोठे चुकला तरी चालेल आणि कोठे चुकून चालणार नाही, याच्या नोंदी होतात. ग्रीन म्हणजे होलभोवतीचा बारीक कापलेल्या गवताचा भाग. खेळाडू त्यावर वेगवेगळ्या कोपऱ्यांतून चेंडू सोडून पाहतात, कारण होलची जागा रोज बदलते आणि चारही दिवसांच्या संभाव्य जागा अंदाजाने ओळखाव्या लागतात. गवताचा कल ज्या दिशेला असेल त्या दिशेला चेंडू वेगाने घरंगळतो, विरुद्ध दिशेला अडतो. बंगालमधील दमट हवेतले ग्रीन आणि हिवाळ्यात वाळलेले उत्तर भारतातले ग्रीन यांत हाताचा अंदाज नव्याने बसवावा लागतो.

मैदानाचा स्वभावही निरनिराळा. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर दोन्ही बाजूंनी झाडी दाटलेली आहे. तेथे लांब फटक्यांचा मोह आवरून सरळ फटका मारणाऱ्याचे फावते. एसएसपी चौरसिया यांनी २००८ मध्ये याच मैदानावर इंडियन मास्टर्स जिंकली. त्यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनची निगा राखण्याचे काम करीत आणि मुलगा तेथेच पाहून पाहून शिकला. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हे दिल्लीत कॅडी होते. मैदान वाचण्याची विद्या या मंडळींनी खेळाडू होण्याआधी इतरांच्या पिशव्या वाहताना मिळवली होती. क्लबच्या सदस्यांच्या खेळात या कष्टकरी घरांतून आलेल्या खेळाडूंचे स्थान किती मोठे आहे, हे भारतीय गोल्फविषयी लिहिताना पुरेसे सांगितले जात नाही.

बुधवारचा एक भाग ‘प्रो-ॲम’ने खाल्लेला असतो. व्यावसायिक खेळाडूसोबत प्रायोजक कंपन्यांचे अधिकारी आणि पाहुणे खेळतात. फेरी पाच तासांहून अधिक रेंगाळते. खेळाडूच्या दृष्टीने ती सरावाची वेळ असली, तरी बक्षिसाचा पैसा ज्यांच्याकडून येतो त्यांच्याशी हसून बोलणे हाही व्यवसायाचाच भाग. किती जणांना ते मनापासून आवडते, हा प्रश्न वेगळा.

शुक्रवारची रेषा

आता मुख्य गोष्ट. व्यावसायिक स्पर्धा बहुधा ७२ होलची, म्हणजे चार दिवसांत चार फेऱ्यांची असते. प्रत्येक होलसाठी फटक्यांची अपेक्षित संख्या ठरलेली असते, तिला ‘पार’ म्हणतात. एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. पहिले दोन दिवस सर्व खेळाडू सहसा तिघातिघांच्या तुकड्यांत खेळतात. एका दिवशी सकाळची वेळ मिळाली तर दुसऱ्या दिवशी दुपारची मिळते, म्हणजे वारा आणि तुडवलेले ग्रीन यांचा त्रास सर्वांच्या वाट्याला सारखा येईल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तसे घडतेच असे नाही. गुरुवारी दुपारी वादळी वारा आणि शुक्रवारी सकाळी पाऊस, असे एकाच गटाच्या नशिबी आले तर त्याबद्दल दाद मागण्याची सोय नाही. सकाळी सातची वेळ असेल तर खेळाडू पहाटे चारला उठतो. व्यायाम, न्याहारी, सरावाचे फटके आणि पटिंग उरकून वेळेच्या आत टीवर हजर होतो. पाच मिनिटांच्या आतला उशीर झाला तर दोन फटक्यांचा दंड, त्याहून अधिक झाला तर स्पर्धेबाहेर.

दुसरी फेरी संपताच रेषा ओढली जाते. तिला ‘कट’ म्हणतात. पीजीए टूर आणि डीपी वर्ल्ड टूरवर पहिले ६५ आणि त्या गुणसंख्येवर बरोबरीत असलेले पुढे जातात. अटवाल यांच्या त्या आठवड्यात पीजीए टूरवर ही संख्या ७० होती. पीजीटीआयवर साधारणतः पहिले ५० आणि बरोबरीतले. उरलेल्यांना त्या आठवड्याचा एकही रुपया नाही. एका फटक्याने रेषेखाली राहिलेला आणि पंधरा फटक्यांनी राहिलेला, दोघांचा हिशेब सारखाच.

बातमीत आम्ही ‘कट हुकला’ असे दोन शब्द लिहून मोकळे होतो. त्या दोन शब्दांमागे येण्याजाण्याचा खर्च, पाच-सहा रात्रींचे हॉटेल, प्रवेशशुल्क आणि कॅडीचा आठवडा असतो. असे तीन-चार आठवडे लागोपाठ आले की ज्याच्यामागे प्रायोजक किंवा घरचा आधार नाही, त्याला हंगाम अर्ध्यावर सोडावा लागतो. म्हणून शुक्रवारी दुपारी गुणफलकाच्या वरच्या टोकाकडे सगळ्यांचे लक्ष असले, तरी खरी घालमेल मध्यावर चाललेली असते. तेथे रेषा क्षणाक्षणाला वरखाली सरकत असते. खेळून झालेला खेळाडू क्लबहाउसमध्ये चहा घेत बसतो, पण त्याचे भवितव्य अजून मैदानावर असलेल्या अनोळखी माणसाच्या शेवटच्या पटवर अवलंबून असते. हॉटेलची खोली रविवारपर्यंत ठेवायची की आजच सोडायची, हेही त्याच पटवर.

कट नसलेल्या स्पर्धाही आहेत. ऑलिम्पिकमध्ये ६० खेळाडू चारही फेऱ्या खेळतात. सौदी अरेबियाच्या पैशावर २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलआयव्ही गोल्फने कट ठेवलाच नाही आणि शेवटच्या क्रमांकालाही रक्कम देऊ केली. लाहिरी त्याच वर्षी तेथे गेले. खेळातला कस त्यामुळे कमी झाला, अशी टीका झाली. ती पूर्णपणे गैर नाही, पण शुक्रवारी रिकाम्या हाताने परतण्याचा अनुभव ज्याने वर्षानुवर्षे घेतला आहे, त्याला या प्रस्तावाचे आकर्षण का वाटावे हे समजणे अवघड नाही.

सेजफील्ड कंट्री क्लबवर अटवाल यांना रेषेची चिंता करावी लागली नाही. डोनाल्ड रॉस यांनी आखलेले हे ७० पारचे मैदान. गुरुवारी त्यांनी ६१ फटक्यांची, म्हणजे पारपेक्षा ९ ने कमी अशी फेरी खेळली. शुक्रवारी ६७. सोमवारी आत येण्यासाठी झगडणारा खेळाडू शनिवारी जेतेपदाच्या शर्यतीत उतरला.

पैसा कसा वाटला जातो

कट पार केल्यानंतरही बक्षिसांचा उतार फार तीव्र असतो. पीजीए टूरवर एकूण रकमेच्या १८ टक्के विजेत्याला जातात. सध्याच्या वाटपात दुसऱ्याला १०.९ आणि तिसऱ्याला ६.९ टक्के मिळतात. पुढे टक्केवारी झपाट्याने खाली येते आणि साठाव्या क्रमांकाच्या आसपास ती एक टक्क्याच्या काही अंशांवर पोहोचते. त्यामुळे रविवारी शेवटच्या होलवरील एका पटची किंमत गुणफलकावर कोठे उभे आहोत यावर अवलंबून असते. पीजीटीआयवर एक कोटी रुपयांच्या स्पर्धेत विजेत्याला १५ लाख रुपये मिळतात. तळाच्या क्रमांकांवर मिळणाऱ्या रकमेतून दूरच्या गावचा खर्च वजा केला, तर हाती उरणारी शिल्लक फारशी नसते.

यातून कॅडीचाही वाटा निघतो. मोठ्या टूरवरील रूढ संकेत असा की आठवड्याचे ठरावीक वेतन आणि त्याशिवाय कमाईचा हिस्सा द्यायचा. विजेतेपदाला दहा टक्के, पहिल्या दहांत आल्यास सुमारे सात, अन्यथा पाच. खेळाडूला काहीच मिळाले नाही तरी वेतन द्यावेच लागते.

शनिवार, रविवार आणि कधी सोमवारही

शेवटच्या दोन दिवसांत खेळाडू जोड्यांनी खेळतात. आदल्या दिवशीची गुणसंख्या जितकी चांगली तितकी वेळ उशिराची. आघाडीवीराला म्हणून रविवारी अर्धा दिवस नुसता काढावा लागतो, आणि कित्येकांच्या मते आठवड्यातले सर्वांत कठीण तास तेच.

फेरी संपल्यावरही काम उरते. गोल्फमध्ये प्रत्येकाच्या फटक्यांची नोंद सोबतचा खेळाडू करतो आणि ती तपासून सही करण्याची जबाबदारी ज्याची त्याची. खऱ्यापेक्षा कमी आकडा सही करून दिला तर स्पर्धेतून बाद, जास्त दिला तर तोच कायम. १९६८ च्या मास्टर्समध्ये अर्जेंटिनाचे रोबेर्तो दे विसेन्झो यांच्या सतराव्या होलवरील तीन फटक्यांची नोंद सहकाऱ्याने चार अशी केली आणि त्यांनी न पाहता सही केली. त्या एका आकड्यापायी बॉब गोल्बी यांच्याशी झालेली बरोबरी नाहीशी झाली आणि जेतेपदासाठीचा प्लेऑफ झालाच नाही.

हवामान सर्व वेळापत्रक उधळू शकते. दिल्ली, नोएडा, चंदीगडला हिवाळ्यात धुक्यामुळे सकाळची सुरुवात तासन्‌तास लांबते. आसामात त्या दिवसांत साडेचारच्या सुमारास अंधारू लागते आणि अपुऱ्या राहिलेल्या फेऱ्या दुसऱ्या दिवशी पहाटे पूर्ण कराव्या लागतात. २०२२ च्या प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये फ्लोरिडातील पावसाने सोमवारपर्यंत खेळ लांबवला. पुण्यात जन्मलेले लाहिरी त्या सोमवारी अखेरच्या होलपर्यंत झुंजले आणि ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन स्मिथ यांच्यामागे एका फटक्याने दुसरे आले. त्यांना २१ लाख ८० हजार डॉलर मिळाले.

ग्रीन्सबरोला मात्र रविवारीच निकाल लागला. अटवाल यांनी शनिवारी ६५ आणि रविवारी ६७ फटके घेतले. एकूण २६०, पारपेक्षा २० ने कमी. शेवटच्या होलवर त्यांच्यापुढे सुमारे सात फुटांचा पट होता. तो गेला असता तर डेव्हिड टॉम्स यांच्याशी बरोबरी होऊन प्लेऑफ खेळावा लागला असता. चेंडू होलमध्ये पडला. ५१ लाख डॉलरच्या स्पर्धेतील ९ लाख १८ हजार डॉलर त्यांचे झाले. आणखी मोलाची गोष्ट म्हणजे गेलेले कार्ड परत आले, तेही २०१२ च्या अखेरपर्यंत.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात फेडएक्स कप प्लेऑफ मालिका सुरू होत होती. तिच्यातील प्रवेश हंगामातील गुणांवर होता आणि ते गुण केवळ सदस्यांनाच मिळत. विंडहॅम सुरू झाली तेव्हा अटवाल सदस्य नव्हते. त्यामुळे आदल्या रविवारच्या विजेत्याचे नाव त्या स्पर्धेच्या यादीत नव्हते.